नाव सांगा, इंग्रजीत सांगा

कोलकात्यात अमेरिकेच्या व्हिसाचं काम निघालं की हो चि मिन्हच्या दारात जावं लागतं. अमेरिकन वकिलातीचा पत्ताच तसा आहे : ५/१, हो चि मिन्ह सरणी. ब्रिटिशांची कचेरीही त्याच रस्त्यावर. पूर्वी हा हॅरिंग्टन स्ट्रीट. व्हिएतनामचं युद्ध ऐन भरात होतं त्या दिवसांत बंगालातल्या डाव्या मंडळींनी रस्त्याचं नव्यानं बारसं केलं. शत्रूला डिवचायचे प्रकार जगात पुष्कळ आहेत. कोणी झेंडा जाळतं, कोणी पुतळा जाळतं, कोणी दगड भिरकावतं. कोलकात्यानं खरा डाव टाकला तो पत्त्यावर. तेव्हापासून अमेरिकेला आपल्या लेटरहेडवर हो चि मिन्हचं नाव स्वतःच्या खर्चानं छापून घ्यावं लागतं.

त्या काळी इथं घोषणा होती, 'आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम'. माझं नाव व्हिएतनाम, तुझंही नाव व्हिएतनाम. १९६८च्या नोव्हेंबरात रॉबर्ट मॅक्नामारा कोलकात्याला आले. त्याच वर्षी अमेरिकेचं संरक्षणमंत्रिपद सोडून ते वर्ल्ड बँकेचे अध्यक्ष झाले होते. मदत करायला आलेल्या पाहुण्याला विमानतळावरून शहरात हेलिकॉप्टरनं आणावं लागलं, कारण खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाचं नाव व्हिएतनाम होतं. आता संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी हा देश इंग्रजीत दोन शब्दांत लिहितात, व्हिएत आणि नाम वेगवेगळं. म्हणजे शुद्ध लिहिलं तर घोषणेचं यमक आणखीच चोख बसतं. क्रांती आणि शुद्धलेखन यांचं इतकं जमलेलं क्वचितच पाहायला मिळतं.

सांगायचं ते एवढंच, की देशाचं, राज्याचं, गावाचं नाव इंग्रजीत नेमकं कसं घ्यावं हा प्रश्न कोलकात्यात कोणी व्याकरणाचा मानत नाही. तो इभ्रतीचा असतो.

१ जानेवारी २००१ पासून 'कॅलकटा'चं 'कोलकाता' झालं. कोणासाठी झालं? बंगाल्यासाठी नक्कीच नव्हे. ३१ डिसेंबरच्या रात्री जो गृहस्थ कोलकात्यात झोपला, तो एक तारखेला कोलकात्यातच उठला आणि कोलकात्याच्याच बाजारात मासळी आणायला गेला. त्याच्या तोंडात दुसरं नाव कधी नव्हतंच. बदल झाला तो फक्त इंग्रजीत. मुंबईकराला यात नवल वाटणार नाही. १९९५ साली आपण 'बॉम्बे'चं 'मुंबई' केलं तेव्हाही मराठीत तसूभर फरक पडला नव्हता. वाकायला लागलं ते इंग्रजीला, आणि आपल्याला आनंद झाला तो नेमका त्याचाच.

मराठी माणसाचं मात्र कोलकात्याच्या बाबतीत तिसरंच चाललं होतं. तो म्हणायचा कलकत्ता. हे ना साहेबाचं, ना बंगाल्याचं. हल्ली आपण बातम्यांत कोलकाता म्हणतो, पण पानाच्या टपरीवर जीभ आपोआप जुन्या वळणावर जाते. 'कलकत्ता, एकशेवीस-तीनशे' असं सांगितलं की पानवाल्याचा हात चालू लागतो. 'कोलकाता, एकशेवीस-तीनशे' सांगून पाहा. तो वर बघेल आणि तुम्हाला पाहुणा समजून गुलकंद जास्त घालेल.

बरं, जुनं नाव निवृत्त झालं म्हणावं तर तेही नाही. हायकोर्ट अजून कॅलकटा. १८५७ साली स्थापन झालेलं विद्यापीठ अजून कॅलकटा. जोकाचं आयआयएम कॅलकटा. विमानाच्या तिकिटावर तीन अक्षरं येतात ती सीसीयू. कॅलकटा, बॉम्बे आणि मद्रास या तिन्ही हायकोर्टांची नावं बदलण्याचं विधेयक २०१६ साली लोकसभेत आलं आणि तिथंच विरून गेलं. त्यामुळे दावा कॅलकट्यात चालतो आणि पक्षकार कोलकात्यात राहतो. तारीख पडते तेव्हा दोघांनाही सारखाच त्रास होतो.

सगळ्यात मजेदार शिल्लक आहे ती मात्र साहेबाच्या घरात. १८७३ साली इथल्या साहेबलोकांनी रग्बीसाठी 'कॅलकटा फुटबॉल क्लब' काढला. चार-पाच वर्षांत तो बसला. क्लबातली फुकट दारू बंद झाली तशी सभासदांची खेळावरची निष्ठाही आटली, असं सांगतात. उरलेले पैसे बँकेतून चांदीच्या रुपयांत काढले, वितळवले आणि त्याचा चषक घडवला. नागांचे कान, झाकणावर हत्ती. १८७९पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या चषकासाठी एकमेकांच्या उरावर बसतात. चषकाचं नाव आजही 'कॅलकटा कप' आहे. तो 'कोलकाता कप' करा म्हणून इथून कोणी खलिता धाडल्याचं ऐकिवात नाही. दोन साहेब आपल्या गावच्या नावावरून चिखलात लोळत असतील, तर मध्ये पडू नये एवढा पोच कोलकात्याला आहे.

तसंही कोलकात्यात सर्वाधिक वेळा चुकलेलं देशाचं नाव साहेबाच्याच देशाचं आहे. आपण सरसकट 'इंग्लंड' म्हणतो, 'इंग्रज' म्हणतो. पण हुगळीकाठच्या तागाच्या गिरण्यांत जे साहेब होते त्यांतले खूपसे डंडीहून आलेले स्कॉटिश होते. त्यांचं इथं कॉलेज आहे, चर्च आहे, वेगळी दफनभूमीसुद्धा आहे. मेल्यावरही इंग्रजांत गणना होऊ नये म्हणून माणसानं आणखी काय करायचं?

हे झाले मोठ्यांचे विषय. तुमच्याआमच्या आयुष्यात हा प्रश्न गाठतो तो कुरिअरच्या दुकानात. ओळखीच्या एक काकू लग्न होऊन कोलकात्याला आल्या त्याला जमाना लोटला. बंगाली इतकं पक्कं की मासळीवाला त्यांना भाव सांगण्याआधी दोनदा विचार करतो. भाची आइंडहोवनला असते. तिला संक्रांतीचा तिळगूळ पाठवायचा म्हणून काकू गरियाहाटजवळच्या एका दुकानात गेल्या, बरोबर डबा धरायला मी. जानेवारीचा पहिला आठवडा. थोडा गारवा सुटला होता, त्यामुळे सारं शहर माकडटोप्या घालून एव्हरेस्टच्या वाटेला लागल्यासारखं दिसत होतं. काउंटरवरच्या पोरानंही ती कानांवरून ओढून घेतली होती, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागत होती.

"कोन देश, माशिमा?"

"हॉलंड."

पोरानं 'एच' दाबला. यादी उघडली. हैती, होंडुरास, हाँगकाँग, हंगेरी. "हॉलॅन्ड तो नेई, माशिमा. होली सी आछे. देबो?"

"होली नाही रे बाबा," काकू म्हणाल्या, "संक्रांत."

होली सी म्हणजे व्हॅटिकनचे पोपमहाराज. तिळगूळ त्यांच्या हाती पडायचा, तो वाचला रांगेतल्या एका सद्गृहस्थांमुळे. खांद्याला झोळी, हातात छत्री, आवाजात निवृत्त माणसाचा अधिकार. हॉलंड हा देशच नव्हे, असं त्यांनी जाहीर केलं. देश नेदरलँड्स. त्याच्या बारा प्रांतांपैकी दोघांची नावं उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड. उद्या कोणी भारताला मेदिनीपूर म्हणालं तर चालेल का? मेदिनीपूरचेही पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे आहेतच. खुद्द डच सरकारनं २०२० पासून 'हॉलंड' हे नाव आपल्या प्रचारातून काढून टाकलंय.

"असं कसं, दादा?" मागून दुसरे एक जण उसळले. "चौऱ्याहत्तरच्या वर्ल्ड कपला आम्ही कोणासाठी रडलो? टीव्ही नव्हता, पेपर वाचून रडलो. क्रॉयफ कुठला? हॉलंडचा!"

"आणि फायनलला हरवलं कोणी?"

"पश्चिम जर्मनीनं."

रांगेत क्षणभर शांतता पसरली. झोळीवाल्यांनी सुस्कारा सोडला. "त्यांचं पश्चिम गेलं," ते म्हणाले. "आमचं राहिलं."

या दुःखाकडे मी पुढे येणारच आहे. तेवढ्यात इंग्रजी शिकवण्यात हयात घालवलेल्या एका बाईंनी हरकत घेतली, की नुसतं नेदरलँड्स चुकीचं आहे, आधी 'द' हवा. पोरानं निमूटपणे 'टी' दाबला आणि "'द' नेई, थायलॅन्ड आछे," असा अहवाल दिला. अखेर 'एन'खाली देश सापडला. बाईंच्या समाधानासाठी पोरानं डब्यावर हातानं 'द' लिहिला. "त्याचे वेगळे पैसे नाहीत ना?" काकूंनी विचारून घेतलं. काकू महाराष्ट्रातल्या आहेत हे यावरून रांगेच्या लक्षात आलं आणि झोळीवाले प्रेमानं म्हणाले, "म्हणजे बर्गी!" भोसल्यांच्या घोडेस्वारांची ती आठवण बंगाली अंगाईत अजून शिल्लक आहे. १७४२ साली त्यांच्या धास्तीनं इंग्रजांनी कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला. खंदक पुरा झाला नाही आणि बर्गी तिथवर पोचलेही नाहीत, पण बागबाजारात 'मराठा डिच लेन' आहे. म्हणजे आमचंही नाव या शहरात इंग्रजीतच नोंदलेलं आहे, आणि तेही एका अर्धवट खड्ड्याच्या संदर्भात.

तिळगूळ पोचेपर्यंत होळी अगदी दाराशी आली होती. पोराचा पहिला अंदाज फारसा चुकला नव्हता.

तो 'द' मात्र माझ्या डोक्यात राहिला. मराठीत त्याला बसायला पाटच नाही. त्यामुळे इंग्रजी बोलताना आपण एकतर तो उदबत्तीच्या धुरासारखा सगळीकडे फिरवतो, नाहीतर अजिबात बाहेर काढत नाही. खरे नियम पाहावेत तर फिलिपिन्सला 'द' लागतो, नेदरलँड्सला लागतो, गांबिया आणि बहामाज यांनी तर तो सरकारी नावातच घेतलाय. युक्रेनला मात्र लावायचा नाही. तो लावला की देश न वाटता कोणाच्या तरी मुलखाचा तुकडा वाटतो, म्हणून १९९१ साली स्वतंत्र झाल्यापासून युक्रेननं 'द' झटकून टाकला. ही गोष्ट जगाला समजावता समजावता त्यांची दमछाक झाली. 'द' कुठे घालायचा हेच ठाऊक नसलेला मराठी माणूस तेवढा पहिल्यापासून त्यांच्या बाजूनं होता.

उच्चारांची तऱ्हा आणखी निराळी. बंगालीत 'झ'ची सोय 'ज'नं भागवतात आणि 'व्ह'ला 'भ' करतात. वर्ल्ड कप आला की कोलकात्याच्या गल्ल्या निम्म्या पिवळ्या आणि निम्म्या निळ्या-पांढऱ्या होतात. पिवळे म्हणजे ब्राजील. २०११ साली मेस्सी सॉल्ट लेकच्या मैदानात खेळून गेला तो भेनेजुएलाविरुद्ध. क्रिकेटमध्ये निउ जिल्यान्ड येतं, जिम्बाबोए येतं. आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे आखाती देश सगळे मिळून 'दुबई' असतात, अख्खं ब्रिटन 'लंडन' असतं, आणि 'फॉरेन' नावाचा एक मोठा देश असतो ज्यात शेजाऱ्यांचा मुलगा स्थायिक झालेला असतो.

आणि नाव नुसतं बरोबर शिकून भागत नाही, ते ताजं ठेवावं लागतं. पर्शियानं १९३५ साली परदेशी वकिलातींना कळवलं की यापुढे आम्हाला इराण म्हणा. फारसीत ते इराणच होतं, बदललं ते साहेबाच्या लखोट्यावर. १९८९ साली ब्रह्मदेशच्या लष्करी सरकारनं देशाचं नाव म्यानमार केलं, तो कायदाही मुख्यतः इंग्रजी नावांचाच होता. बर्मी भाषेत दोन्ही रूपं आधीपासून सुखानं नांदत होती. आयव्हरी कोस्ट १९८६ पासून म्हणतो की आमच्या नावाचं भाषांतर करू नका, सगळ्या भाषांत 'कोत दिव्वार'च लिहा. आपण शाळेत 'हस्तिदंती किनारा' पाठ केला होता तो वाया गेला. स्वाझीलंडच्या राजानं २०१८ साली देशाचं नाव इस्वातिनी केलं. परदेशात लोक आम्हाला स्वित्झर्लंड समजतात, हे त्यानं दिलेलं एक कारण. स्वित्झर्लंडनं मात्र असली काही तक्रार नोंदवलेली नाही.

२०२२ साली तुर्कस्ताननं संयुक्त राष्ट्रांत 'टर्की'चं 'तुर्किये' करून घेतलं. इंग्रजीत टर्की म्हणजे नाताळात भाजून खायचा पक्षी, हे फार दिवस मनाला लागून होतं. रास्त आहे. पण या पक्ष्याला खुद्द तुर्की भाषेत काय म्हणतात? 'हिंदी'. म्हणजे हिंदुस्थानचा. आता आपण रागवावं की काय? पोर्तुगीज त्याच पक्ष्याला म्हणतात 'पेरू'. त्या नावाचा देश दक्षिण अमेरिकेत आहे, आणि मराठीत आपण तो मीठ-तिखट लावून खातो. मोसंबीचं नाव मोझांबिकवरून आलं असं मानतात. यावरून पेरूचं किंवा मोझांबिकचं शिष्टमंडळ पुण्याला साहित्य परिषदेत येऊन धडकलेलं नाही.

कोलकात्याच्या बाजारात तर याची रेलचेल. इथली उत्तम केळी ती 'मर्तमान', ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराच्या नावाची. त्या बंदराचं नाव आता मोत्तमा झालंय. आपल्या पपनसाला इथं म्हणतात 'बाताबी लेबू', म्हणजे बटाविया. बटावियाचं १९४२ साली जाकार्ता झालं, राजवट बदलली, झेंडा बदलला, पण गरियाहाटच्या फळवालीपर्यंत ते परिपत्रक आलेलं नाही. ती सकाळपासून डच साम्राज्य डझनावर विकते आहे आणि गिऱ्हाईक घासाघीस करतंय ती भावावरून, नावावरून नव्हे.

इथं गोम आहे. आपल्या देशाला चिनी लोक 'यिंदू' म्हणतात, अरब 'अल-हिंद' म्हणतात, तुर्क 'हिंदिस्तान' म्हणतात. कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. उलट आपण तरी कुठे सोवळ्यात आहोत? जर्मन माणूस स्वतःच्या देशाला डॉइचलँड म्हणतो, फिनलंडचा सुओमी म्हणतो, शेजारचा भूतान स्वतःला ड्रुक युल म्हणवतो. कोलकात्यातल्या आर्मेनियन लोकांचं चर्च १७२४चं. त्यांच्या नावाची इथं गल्ली आहे, घाट आहे, कॉलेज आहे. ते स्वतःच्या देशाला हायास्तान म्हणतात. पण तीनशे वर्षांत 'हायास्तान घाट' म्हणा असा हट्ट त्यांनी धरलेला नाही. टांगऱ्याच्या चिनी खानावळीत जाऊन कोणी आपल्याला 'चीन' म्हटल्याबद्दल माफी मागत नाही, फार तर नूडल्स आणखी थोडे मागतो.

नाव बरोबर घ्या हा आपला सगळा धोशा असतो तो एका इंग्रजीपुढे. इतर भाषांनी आपल्याला काहीही म्हणावं, ती त्यांची खासगी बाब. इंग्रजीनं म्हटलं की ते रजिस्टरात गेलं. साहेब गेला, पण जन्माचा दाखला आपण अजून त्याच्याच हातून घेतो आणि त्यात काना-मात्रा चुकली की खिडकीवर जाऊन भांडतो. भांडतो तेही इंग्रजीत.

ही सवय आपल्या घटनेइतकी जुनी आहे. १८ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत पहिल्या कलमावर खल चालला होता. मसुद्यात होतं, 'इंडिया, दॅट इज भारत'. हरि विष्णु कामत उभे राहिले. आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेला माणूस, गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. त्यांचं म्हणणं, देशाचं नाव भारत. 'इंग्रजी भाषेत इंडिया' असं त्यापुढे लिहा. आयर्लंडनं १९३७च्या घटनेत हेच केलंय. मग ते इतिहासात शिरले आणि बाबासाहेब आंबेडकरांचा धीर सुटला. हे सगळं इथं उगाळायची गरज आहे का, सभागृहाच्या वेळेचं काही तारतम्य हवं, अशा अर्थाचं ते बोलले. हात मोजले. कामतांच्या बाजूनं ३८, विरोधात ५१. अख्खी घटना ज्यांना लिहून पुरी करायची होती त्यांना नावावर किती वेळ घालवायचा हे बरोबर माहीत होतं. आपल्याला पुढची सगळी वर्षं मोकळीच होती.

२०२३च्या सप्टेंबरात जी-२०च्या मेजवानीची पत्रिका निघाली तेव्हा ते दिसलंच. पत्रिकेवर इंग्रजीत 'प्रेसिडेंट ऑफ भारत' छापलं होतं. देशभर आठवडाभर धुरळा उडाला. 'भारत के राष्ट्रपती' हे हिंदीत कित्येक वर्षं छापलं जात होतं. तिकडे कोणी वळूनही पाहिलं नव्हतं. तेच नाव इंग्रजी लिपीत गेलं मात्र, प्रत्येक वाहिनीवर सहा-सहा चौकटींत सहा-सहा विद्वान बसले.

कोलकात्यात एक देशनाम याहून कितीतरी कमी गडबडीत बदललं आहे. ९, सर्कस ॲव्हेन्यू. १९७१च्या एप्रिलपर्यंत इथं पाकिस्तानचं उप-उच्चायुक्त कार्यालय होतं आणि हुसेन अली नावाचे बंगाली गृहस्थ त्याचे प्रमुख होते. १७ एप्रिलला सीमेपलीकडे बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. १८ तारखेला हुसेन अलींनी आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह कचेरीवर बांगलादेशचा झेंडा चढवला. तीच इमारत, तेच टाइपरायटर, तीच माणसं, देश दुसरा. बांगलादेशची परदेशातली ही पहिली वकिलात. त्या नव्या सरकारचं कामकाज चालायचं ८, थिएटर रोडवरून. कागदोपत्री तो रस्ता १९६४पासून शेक्सपिअर सरणी होता. नावात काय आहे, हा प्रश्न ज्याच्या नावावर खपतो त्याच माणसाचं नाव रस्त्याला दिल्यावर, लोकांनी प्रश्नाचा मान राखून जुनंच नाव चालू ठेवलं होतं.

बांगलादेश झाला आणि झोळीवाल्यांचं दुःख पक्कं झालं. १९४७ला बंगालचे दोन भाग झाले, पश्चिम बंगाल आणि पूर्व बंगाल. पूर्व बंगालचं १९५५ साली पूर्व पाकिस्तान झालं, १९७१ला बांगलादेश. पूर्व गेली, पश्चिम मागे राहिली. फाळणीत आपल्या वाट्याला आलेला पंजाबही सुरुवातीला 'पूर्व पंजाब' होता. त्यानं १९५० साली दिशा सोडून दिली आणि तो मोकळा झाला. पूर्व बंगाल आता उरलाय तो फक्त मैदानावर, १९२० साली निघालेल्या 'ईस्ट बेंगॉल' क्लबच्या रूपानं. मोहन बागानशी सामना असला की नकाशावर नसलेल्या त्या प्रदेशासाठी भर उन्हात माणसं घसा फोडून ओरडतात. जिंकले की हिल्सा महागतो.

पण पश्चिमेचं खरं दुखणं भूगोलाचं नाही, बाराखडीचं आहे, आणि तीही इंग्रजी. दिल्लीतल्या बैठकांत राज्यं इंग्रजी अक्षरक्रमानं बोलतात. आंध्रानं सुरुवात केली की उत्तर प्रदेश, उत्तराखंड उरकेपर्यंत दिवस कलतो. मग येतो 'डब्ल्यू'. तोवर निम्मं सभागृह घड्याळाकडे आणि उरलेलं दाराकडे पाहत असतं. मुख्यमंत्री असताना ममता बॅनर्जींनी ही तक्रार बोलून दाखवली होती. २०११ साली 'पश्चिम बंग' हे नाव पुढे आलं. त्यानं राज्य 'डब्ल्यू'वरून 'पी'वर आलं असतं. २०१६ साली विधानसभेनं आणखी उडी मारली. बंगालीत बांग्ला, इंग्रजीत बेंगॉल, हिंदीत बंगाल. बंगाली कानाला तो ऐकू येतो 'बांगाल', आणि 'बांगाल' म्हणजे तर पूर्वेकडून आलेल्यांचं चिडवायचं नाव. हिंदी पाटी वाचून घोटी, म्हणजे मूळच्या पश्चिमेकडच्या मंडळींच्या पोटात गोळा आला असणार. दिल्लीला एका राज्याची तीन नावं नको होती, म्हणून २६ जुलै २०१८ला ठराव झाला की तिन्ही भाषांत एकच, बांग्ला. यानं राज्य चौथ्या क्रमांकावर येतं. आंध्र, अरुणाचल, आसाम, बांग्ला. बिहारच्याही आधी. पण हे नाव बांगलादेशच्या फार जवळ जातं अशी शंका दिल्लीत निघाली, आणि नाव बदलायला घटना दुरुस्त करावी लागेल असं २०१९ साली संसदेत सांगण्यात आलं.

बंगालीत बोलायचं तर या सगळ्याची गरजच नाही. तिथं लोक सुखानं 'बांग्ला' म्हणतात, कोणाचा मंजुरीचा शिक्का न घेता. अडलंय ते सगळं 'डब्ल्यू'पाशी. आणि त्या बाबतीत माझं मत अगदी उलट आहे, गरियाहाटच्या त्या रांगेत उभा राहून झालेलं. हा 'डब्ल्यू' बंगालनं जिवापाड जपावा. आंध्रानं पहिलं बोलून मिळवलं काय? त्याच्यानंतर सत्तावीस जण त्याचं खोडून काढायला बसलेले. शेवटी बोलणाऱ्याला उलट उत्तर द्यायला कोणी उरतच नाही. कोलकात्याच्या कुठल्याही अड्ड्यावर हीच जागा पटकावण्यासाठी माणसं चहावर चहा मागवतात, शेवटची बस जाऊ देतात आणि पायी घरी जातात. ती जागा दिल्लीनं आपणहून, कायमची, इंग्रजीत लिहून दिलेली आहे. सोडायची कशाला?